कोऱ्या पेपरचा ए प्लस

मा पिलनाम ही माझी शेजारीण; मा हे तिचं आडनाव. घरची नव्हे, बाजारातली. कोरियातल्या आमच्या गुन्सानच्या जुन्या बाजारात माझं सुक्या मासळीचं दुकान आहे आणि त्याला लागून तिचं तयार भाज्यांचं. किमची, सोया सॉसमध्ये शिजवलेली कमळकाकडी, मुळ्याचा पाला, तिखट-गोड परतलेली बारीक मासळी. मासळी ती माझ्याकडूनच घेते आणि दर वेळी वजनावरून भांडते. वयाने माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. ती मला नुसतं मालजा म्हणते, आणि चिडली की ‘ए योम मालजा’ असं आडनावासकट. आडनावाशिवाय हाक आली तो दिवस चांगला समजायचा.

बाजारात सगळे म्हणतात, पिलनाम भांडकुदळ आहे. आहेच. पण कॉलेजवाल्यांशी ती जे भांडली त्याला माझ्यासमोर कुणी भांडण म्हटलं तर मी सुरी घेऊन उठेन. मासे कापायची का होईना, सुरीच ती.

त्याचं असं झालं. त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या कॉलेजातले प्रोफेसर बाजारात आले. कोट घातलेले, टाय लावलेले, आणि काखेत टॉवेलांचे गठ्ठे. टॉवेलावर कॉलेजचं नाव छापलेलं. पूर्वी पोरं त्यांच्या दारात रांगा लावायची म्हणे. आता पोरंच जन्माला येत नाहीत, तर वर्ग कोण भरणार? वर्ग भरला नाही तर विभाग बंद, आणि विभाग बंद तर कोट-टाय घरी. म्हणून हे लोक बाजारात, भजनाला जमावं तशा म्हाताऱ्या जमतात त्या सभागृहात, सार्वजनिक स्नानगृहात सुद्धा फिरून आमच्यासारख्यांची नावं गोळा करत होते.

आमच्याकडे आले ते गुक सर. कम्प्युटर विभागाचे प्रमुख. गोरेपान, पन्नाशीचे, आवाज अगदी मऊ.

“माई, कॉलेजात या,” ते मला म्हणाले.

“मी? आणि मासे काय तुम्ही विकणार?”

“फक्त शनिवारी यायचं. फी सरकार देतं, उरली तर आम्ही माफ करतो. अभ्यासाची काळजी नको, परीक्षेची तर मुळीच नको. दोन वर्षांत डिप्लोमा हातात.”

मी सरळ सांगते, मला तो कागद हवा होता. माझ्या सुनेच्या माहेरचे लोक शिकलेले. बोलता बोलता ‘विहीणबाई, तुमचं शिक्षण?’ असं विचारतात आणि मग स्वतःच गडबडून विषय बदलतात. तो विषय बदलणं माझ्या डोक्यात जायचं. मी टॉवेल घेतला आणि नाव लिहून दिलं.

पिलनामताई भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. हात पुसत बाहेर आली.

“शिकवणार काय?”

“वेब प्रोग्रामिंग, माई. वेबसाइट कशा बनवतात ते.”

“खरंच शिकवणार?”

“म्हणजे काय माई! कॉलेज आहे ते.”

“मग लिहा. मा पिलनाम.”

तिला कागद नको होता. तिला काय हवं होतं ते सांगते, कारण सगळं त्यावरच अडलंय. आसपासच्या खेड्यांत म्हाताऱ्या एकट्या राहतात, पोरं राजधानीत, सोलला. पोरं तिथून मेसेज करतात, आमच्या आईला आठवड्याच्या भाज्या पोचव. ताई व्हॅन भरून जाते. पण कुणाला मीठ बंद, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाच्या तोंडात एक दात नाही. हे सगळं शेकडो मेसेजांच्या ढिगाऱ्यात. आदल्या वर्षी एका म्हातारीकडे चुकून कमळकाकडीचा डबा गेला आणि तुकडा घशात अडकला. वाचली ती, पण दवाखान्यात न्यावं लागलं. ताई तिच्या खाटेशी बसून राहिली, आणि घरी आल्यावर बरेच दिवस कमळकाकडी शिजवली नाही.

जेवण मागवायच्या एका ॲपवरही तिने दुकान टाकून पाहिलं. तिथे ‘तिखट कमी’ असा चौकोन होता, ‘दात नाहीत’ असा नव्हता. तिने फोन लावला. पलीकडची पोरगी म्हणाली, अशी सोय उपलब्ध नाही. ताई म्हणाली, “तुझ्या आजीला दात उपलब्ध आहेत का विचार,” आणि फोन आपटला. तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं होतं, इंटरनेटवर आपलं पान आपण करायचं. त्यावर आपले चौकोन. दात नाहीत. मीठ नको. दार उघडायला वेळ लागतो, थांबा.

मार्चमध्ये कॉलेज सुरू झालं. चाळीस जणांचा वर्ग. ड्रायव्हिंग स्कूल चालवून निवृत्त झालेले ह्यन साहेब आमचे मॉनिटर. पहिल्या शनिवारी सगळे नटूनथटून आले, मीही केस रंगवून गेले. गुक सरांनी स्वागत केलं, कॉफी दिली, आणि भिंतीवर एक व्हिडिओ लावला. व्हिडिओत कुणीतरी पोरगा भराभरा बोलत होता. सर मागच्या खुर्चीत जाऊन बसले. तास संपला. दुसऱ्या शनिवारी तोच पोरगा, पुढचा भाग. तिसऱ्या शनिवारी निम्मा वर्ग आलाच नाही, आणि हजेरी मात्र चाळीसच्या चाळीस. कंबरेचं ऑपरेशन होऊन इस्पितळात पडलेल्या एकाची हजेरी माझ्यापेक्षा चांगली होती! चौथ्या शनिवारी बस काढून आम्हाला चेरीची फुलं बघायला नेलं. तोही तास धरला. परत येताना बसमध्ये तांदळाची दारू, गाणी, सरांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मला मजा आली, खोटं कशाला बोलू?

ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. “मालजा,” ती म्हणाली, “हे शिकवणार कधी?”

“शिकवतील गं. घाई काय आहे?”

“ए योम मालजा! मी दुकान बंद ठेवून येते, फुलं बघायला नाही.”

तिने तो व्हिडिओ घरी फोनवर पुन्हा पुन्हा पाहिला. कम्प्युटर घरी नाही, म्हणून बाजारामागच्या गेम खेळायच्या कम्प्युटर हॉलमध्ये जाऊन बसायला लागली. आजूबाजूला पोरं कानाला हेडफोन लावून ‘मार, मार’ ओरडतायत, आणि मधे ही, हाताला लसणाचा वास, एका बोटाने कोडचे टॅग लिहितेय. एक कंस राहिला की सगळं पान कोसळायचं. मग अशा शिव्या घालायची की गेमवाली पोरं हेडफोन काढून बघायची. पण जमवलंन तिने. एके दिवशी मला ओढत नेलं. पडद्यावर तिच्या दुकानाचं नाव, खाली चौकोन, ‘दात नाहीत’, आणि तळाला बटण. चौकोनावर टिचकी मारली की बरोबरची खूण येत होती!

“अगं बाई! झालं की!” मी म्हटलं.

“कुठलं झालं? बघ आता.” तिने बटण दाबलं. पानाची उघडझाप झाली आणि खूण पुसली गेली. चौकोन रिकामा. “दाबलं की जातं कुठे? माझ्याकडे तर येत नाही. कुणाकडे गेलं मग? म्हातारीला दात नाहीत हे कुणाला कळलं?”

मला काय ठाऊक! पुढच्या शनिवारी तिने सरांना हेच विचारलं. “सर, बटण दाबलं की ते जातं कुठे?”

“छान प्रश्न, माई,” सर हसून म्हणाले. “पुढच्या तासाला घेऊ.”

पुढच्या तासाला व्हिडिओ. तिने पुन्हा विचारलं. “पुढच्या तासाला.” त्या सबंध सत्रात तिने तेवढाच एक प्रश्न विचारला आणि तेवढंच एक उत्तर मिळालं. वर्गातले लोक हसायला लागले. ताईने हात वर केला की ह्यन साहेबच आधी म्हणायचे, “पुढच्या तासाला!” आणि सगळे खिदळायचे. मीही एकदा हसले, आणि त्या आठवड्यात मला भाज्यांतलं बोटभरही चाखायला मिळालं नाही.

मग तिला कळलं की तरण्या पोरांच्या दिवसाच्या वर्गाला हाच विषय एक तरुण बाई शिकवते, आणि ती खरंच शिकवते. फळ्यावर लिहिते, पोरांच्या मागे उभी राहून चुका दाखवते. ताई मंगळवारी दुकान माझ्या भरवशावर टाकून तिथे जाऊन बसली. अर्ध्या तासात ऑफिसमधली पोरगी आली. “माई, तुमचा वर्ग शनिवारचा. इथे बसता येणार नाही, नियम आहे.” ताई परत आली ती भाज्यांची पातेली अशी आदळत होती की माझ्या मासळीची टोपली हलली.

जूनमध्ये परीक्षा आली. वेब प्रोग्रामिंगची परीक्षा आणि तीही कागदावर, पेनाने! आमच्याकडे हीच पद्धत, दिवसाची पोरंसुद्धा कागदावरच कोड लिहितात. त्याला माझी हरकत नाही. हरकत याला की आदल्या शनिवारी सरांनी प्रश्न आणि उत्तरं, दोन्ही छापून वाटली. “एवढंच उतरवा, माई. परीक्षेत हा कागद जवळ ठेवला तरी चालेल.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. ताईने तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला.  परतीच्या बसमध्ये ती अचानक बोलायला लागली, खिडकीबाहेर बघत, जसं काही माझ्याशी बोलतच नाहीये.

“मी पंधरा वर्षांची असताना गिरणीत लागले. सुताच्या. गिरणीनेच आम्हा पोरींसाठी शाळा काढली होती. पाळी संपली की गणवेश घालायचा आणि वर्गात. कानात यंत्रांचा आवाज, डोळ्यांत कापूस. बाकावर बसलं की डोळे मिटायचेच. मास्तर चांगले होते गं. दया यायची त्यांना. म्हणायचे, झोपा पोरींनो, झोपा. आणि आम्ही झोपायचो. तीन वर्षं मी शाळेत झोपले मालजा, आणि शेवटी सर्टिफिकेट मिळालं. त्या सर्टिफिकेटात अपूर्णांक नाहीत. बेरीज-वजाबाकी मी दुकानात शिकले. सगळे म्हणतात मास्तर दयाळू होते. हो, होते! पण एकाने तरी उठवायला हवं होतं मला. एकाने तरी खडू फेकून मारायचा होता!”

बसमधले लोक वळून बघायला लागले. तिला त्याचं काही नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी छापील कागद मांडीवर ठेवून निमूट उतरवलं. शेजारी ताईने पेपरवर नाव लिहिलं, खाली एक ओळ लिहिली, ‘मला येत नाही, मला कुणी शिकवलं नाही’, आणि उठून गेली. सर दारातच होते. त्यांनी पेपर घेतला, मान लववून नमस्कार केला आणि म्हणाले, “खूप मेहनत घेतलीत, माई.”

मार्क कळले ते फोनवर. मला बी. मी खूश. मग मी ताईच्या फोनवर बघितलं आणि माझे डोळेच फिरले. ए प्लस!

“हा कुठला न्याय?” मी ओरडले. “मी सगळं उतरवून बी, आणि तू कोरा कागद देऊन ए प्लस?”

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती फोन घेऊन तशीच उभी होती, हातमोज्यांवरून तिखटाचं पाणी गळतंय. मग म्हणाली, “मला झोपेतच पास केलं पुन्हा.”

त्यावर कहर म्हणजे नियम. कमी मार्क पडले असतील तरच तो विषय पुन्हा घेता येतो. सी प्लसच्या वर मिळाले की दार बंद, तो विषय तुम्हाला आला असं कॉलेजने ठरवून टाकलेलं असतं. सप्टेंबरमध्ये वेब प्रोग्रामिंग पुन्हा होतं, पण फक्त दिवसाच्या वर्गाला. कमी मार्कवाल्याला तिथे बसू द्यावंच लागतं. ऑफिसमधल्या त्याच पोरीने ताईला हे सांगितलं. म्हणजे त्या तरुण बाईच्या वर्गात शिरायचं एकच दार होतं, कमी मार्क. आणि तिच्या हातात होता ए प्लस!

मार्क कळले की आठवडाभर तक्रार करायची मुभा असते. पोरं रडतात, सर अर्धा मार्क वाढवा, माझी शिष्यवृत्ती जाईल. ताई म्हणाली, चल. मी म्हटलं, मी कशाला? म्हणाली, साक्षीला.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यन साहेबांचा फोन आला. बातमी कशी फुटली देव जाणे. “पिलनामबाई, तुम्हाला नसेल गरज, आम्हाला आहे डिप्लोम्याची. आमच्या अन्नात माती कालवू नका.”

“तुमच्या अन्नात काय आहे ते आधी बघा तरी!” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

गुक सरांच्या खोलीत एसी गारेगार होता. टेबलावर कम्प्युटर, आणि मागे भिंतभर फळ्यांवर चिनीमातीचे वाडगे. हिरवट झाक असलेले, सुरेख. ऑफिसच्या पोरीने कागदी कपांत कॉफी आणून ठेवली. सर उठून उभे राहिले, बसा माई, बसा माई.

“सर, माझे मार्क चुकलेत,” ताई म्हणाली.

सरांनी कम्प्युटरमध्ये बघितलं. “माई, ए प्लस आहे. याच्या वर काही नसतं.”

“म्हणूनच आले. खाली करा. एफ करा, नापास.”

सर हसले. “इतक्या वर्षांत मार्क कमी करा म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच.”

“माझा पेपर कोरा होता.”

“पेपर एकटाच नसतो, माई. तुमची हजेरी पूर्ण, वर्गातला सहभाग उत्तम...”

“सहभाग?” ताईचा आवाज चढला. “मी दर शनिवारी हात वर केला आणि तुम्ही दर शनिवारी पुढच्या तासाला म्हणालात. ह्याला सहभाग म्हणतात?”

मला भीती वाटली की ही आता टेबल उलटवते. मी हळूच म्हटलं, “ताई, सी घे की. सीने पण काम होतंय.”

“तू गप्प बस! कोऱ्या पेपरला सी कशाचा? सर, एफ.”

सरांनी चष्मा काढला, पुसला. आता ते हसत नव्हते. “माई, समजून घ्या. एकाला एफ दिला तर वरचे विचारतात का दिला. पेपर कोरा म्हटलं तर म्हणतील बाकीचे काढा. बाकीचे काढले तर...” त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी कॉफीत बघितलं. “चाळीस माणसं आहेत. विभाग बंद होईल.”

“होऊ दे.”

“तुम्हाला बोलायला काय जातं!” सरांचा मऊ आवाज एकदम फाटला. “आणि मला सांगा, हे शिकून तुम्हाला करायचंय काय? ह्या वयात कोण नोकरी देणार आहे तुम्हाला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॉवेल घेऊन दारात आलास तेव्हा आमचं वय दिसलं नाही वाटतं मेल्या? फुलं बघायला नेलंस तेव्हा? मी खुर्ची सरकवून उठले आणि हे सगळं बोलले, ‘मेल्या’सकट. एका विभागप्रमुखाला! ऑफिसची पोरगी दारात थिजली.

ताईने माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. ती आता ओरडत नव्हती, आणि तिचं न ओरडणं मला जास्त भयंकर वाटतं.

“सर, मी तुम्हाला नोकरी नाही मागितली. एकच विचारते. बटण दाबलं की ते जातं कुठे? एवढं सांगा. आत्ता, इथे. सांगितलंत तर तुमचा ए प्लस घेऊन मुकाट घरी जाते, पुन्हा तोंड दाखवत नाही.”

सर उठले. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याशी गेले, पेन उघडलं. एक चौकोन काढला. त्याच्या खाली बटण काढलं. बटणातून एक बाण काढला. बाण फळ्याच्या मध्यापर्यंत आला आणि तिथे त्यांचा हात थांबला. आम्ही दोघी बघत होतो. एसीचा आवाज येत होता. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि आमच्याकडे न वळता म्हणाले, “मला माहीत नाही.”



“माझा विषय चिनीमाती,” ते म्हणाले. “माती, भट्टी, चकाकी. वीसेक वर्षं तेच शिकवलं. तो विभाग बंद केला. म्हणाले, कम्प्युटर घ्या नाहीतर घरी जा. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. त्या व्हिडिओतला मुलगा काय बोलतो ते मलासुद्धा अर्धं समजत नाही.”

मला त्या माणसाची दया येऊ लागली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. मला वाटलं ताईसुद्धा विरघळणार. कुठलं काय!

“मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?” ती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. “तुम्हाला येत नव्हतं, मला येत नव्हतं. अख्खं सत्र होतं आपल्याजवळ! शेजारी बसून शिकलो असतो की दोघं! मी त्या गेमवाल्या पोरांच्या गोंगाटात एका बोटाने डोकं फोडत होते आणि तुम्ही इथे गारव्यात बसून माझ्या नावापुढे ए प्लस लिहीत होतात! लाज वाटली तुम्हाला म्हणून मी अडाणी राहू? तुमची लाज झाकायला माझं डोकं वापरलंत तुम्ही!”

सर खुर्चीत बसले. माऊस पुढे ओढला. मग त्यांनी ए प्लस पुसला. कम्प्युटरने बदलाचं कारण विचारलं. त्यांनी ‘मूल्यमापनातील चूक’ असं काहीतरी लिहायला घेतलं.

“खरं लिहा,” ताई म्हणाली.

त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, ‘विद्यार्थिनीला विषय शिकवला गेला नाही.’ बटण दाबलं. एफ.

ताईने वाकून पडद्यावर बघितलं, दोनदा वाचलं. बाहीला डोळे पुसले. मग पर्स उचलली आणि दाराशी जाऊन वळली.

“सप्टेंबरमध्ये मंगळवारी सकाळी वर्ग आहे. त्या बाईंचा. मी बसणार आहे. तुम्ही पण या.”

सर कसनुसं हसले. “माई, मी विभागप्रमुख आहे. त्या बाई माझ्या हाताखाली काम करतात. मी पोरांच्यात कसा बसणार?”

“मग मागे उभे राहा!” ताई म्हणाली, आणि दार एवढ्या जोरात ओढलं की फळीवरचे वाडगे खणखणले.